लाल आधी जातो, निळा राहतो

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक खंड्या आहे. गोंदवून घेतला तेव्हा पाठ झळझळीत निळी, डोकं आणि पोट तपकिरी, गळा पांढरा, चोच लालभडक. दहा-बारा वर्षं झाली. पाठ अजून निळीच आहे, फक्त तिचा तजेला थोडा उतरलाय. चोच फिकट विटकरी झालीय. तपकिरी राखाडीकडे झुकलाय, आणि गळ्यातला पांढरा शोधला तरच सापडतो.

बघणारे म्हणतात, "जुना झाला, फिका पडला." पण सगळा पक्षी सारखाच फिका पडलेला नाही. प्रत्येक रंग आपापल्या गतीने आणि आपापल्या कारणाने बदललाय, आणि मला तेच विलक्षण वाटतं. मी छपाईत रंग जुळवण्याचं काम करते, त्यामुळे हा क्रम पाहिल्याबरोबर ओळखीचा वाटला.

उन्हात टांगलेलं पोस्टर आठवा. काही महिन्यांत त्यातले चेहरे निळसर होतात, झेंडू निळसर होतो, सगळंच निळं होत जातं. छपाईच्या चार शायांपैकी पिवळी आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतात. सायन (निळी) आणि काळी मागे राहतात. ही सायन म्हणजे कॉपर थॅलोसायनिन, रंगांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला पिगमेंट ब्लू १५. हा १९३० च्या दशकात बाजारात आला. रेणूच्या मधोमध तांब्याचा अणू आणि भोवती घट्ट कडं, अशी त्याची रचना. ऊन, उष्णता, आम्ल यांना तो सहजी दाद देत नाही. टॅटूच्या कितीतरी निळ्या शायांमध्येही हाच असतो. म्हणजे मी दिवसभर मशीनवर ज्या रंगाशी झटते, तोच माझ्या हातावरही आहे! टॅटूतल्या टिकाऊ हिरव्याचंही असंच. पिगमेंट ग्रीन ७ म्हणजे याच रेणूला क्लोरीन जोडून केलेला रंग.

आजच्या शायांमधले लाल, केशरी आणि पिवळे मात्र बहुतेक ॲझो वर्गातले. त्यांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची दुहेरी जोडणी असते आणि रंगाचा सगळा जोर तिच्यावर असतो. उन्हातले अतिनील किरण नेमकी तीच जोडणी तोडतात. जोडणी तुटली की रंग संपला, उरतात ते रंगहीन तुकडे. उंदरांवरच्या एका प्रयोगात त्वचेतला लाल ॲझो रंग ४२ दिवसांत सुमारे एक तृतीयांश कमी झाला, तोही कृत्रिम ऊन न दाखवता. ज्यांना ऊन दाखवलं त्यांच्यात घट कितीतरी जास्त होती. माझा तपकिरी राखाडी का झाला, तेही इथेच कळतं. तो लाल, पिवळा आणि काळा मिसळून केलेला होता. लाल-पिवळे विरत गेले, काळा राहिला.

इथपर्यंत कागद आणि त्वचा यांचं जमतं. पुढे त्वचेची गोष्ट निराळी होते, कारण ती जिवंत आहे.

सुई शाई सोडते ती वरच्या थरात नाही, त्याखालच्या अंतस्त्वचेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो आणि त्यात अडकलेली शाई त्याच्याबरोबर जाते. म्हणून पहिल्या दिवसाचा झगझगीतपणा महिन्याने दिसत नाही. खोलवरच्या कणांना शरीर परकं मानतं. मॅक्रोफेज नावाच्या पेशी धावून येतात आणि कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू टिकतो तो या हस्तांतरणामुळे. मी हे वाचलं त्या दिवशी हाताकडे किती तरी वेळ बघत होते. आपण ज्याला स्थिर चित्र समजतो, त्याची तिथे अखंड देवाणघेवाण चाललेली असते.

या देवाणघेवाणीत थोडे कण इकडेतिकडे सरकतात, म्हणून बारीक रेषा वर्षांनुवर्षं जाड होत जाते. अगदी सूक्ष्म कण लसिकाग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड्सपर्यंत) पोचतात. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, केलेल्या तपासणीत ते तिथे सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

काळ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो म्हणजे कार्बन, बारीक काजळी, आणि ऊन त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ओत्झी या प्राचीन हिममानवाच्या देहावर अशाच काजळीच्या ६१ खुणा आहेत, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या. तरी जुना काळा निळसर दिसतो. प्रकाश त्वचेतून जाताना विखुरतो, त्यातला निळा भाग जास्त परत येतो आणि लाल भाग खोल जाऊन कार्बनमध्ये शोषला जातो. काळा दाट असतो तोवर हे जाणवत नाही, विरळ झाला की निळी झाक पुढे येते.

आणि पांढरा. तो टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि रसायन म्हणून चिवट असतो. पण आपण तो मेलॅनिनच्या, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्याच्या, थराआडून बघतो. माझ्यासारख्या सावळ्या त्वचेत पांढरा कधीच कागदासारखा पांढरा दिसत नाही. तो पिवळसर होतो आणि आजूबाजूच्या त्वचेत मिसळतो. फिकट गुलाबी, आकाशी, लिंबू अशा छटांचंही तसंच. त्यांत पांढराच भरपूर आणि खरा रंग थोडा, तो थोडा गेला की काही उरत नाही. नमुन्यांच्या अल्बममध्ये बहुतेक गोरी त्वचा आणि ताजं काम असतं, याचा मला राग येतो. सावळ्या त्वचेवर गडद निळा, गडद लाल, काळा आणि मोकळी सोडलेली त्वचा यांतून फार देखणं काम होतं, ते दाखवत का नाहीत?

म्हणून कोणी सल्ला विचारला की मी सांगते, कलाकाराकडे पाच-सात वर्षं जुन्या कामाचे फोटो मागा, शक्यतो तुमच्यासारख्या त्वचेवरचे. बोटं, तळवे, पावलं टाळा; तिथे घर्षण फार आणि शाई नीट धरत नाही. जखम पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, त्याहून चांगली म्हणजे बाही.

शाईच्या बाटलीवरचे पिगमेंटचे नंबरही वाचा. हे रंग मुळात गाड्या, प्लॅस्टिक, छपाई यांसाठी बनले, त्वचेसाठी नाही. युरोपियन संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शायांमधल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले, आणि वर्षभराने ब्लू १५:३ (वरच्या ब्लू १५ चंच एक रूप) आणि ग्रीन ७ यांनाही ते लागू केले. माझा लाडका निळा त्यात गेला तरी मला हे योग्य वाटतं. उन्हात टिकतो म्हणून एखादा रंग शरीरात घालायला निर्धोक ठरत नाही.

लेझरने काढून टाकण्याचा विचार असेल तर पांढऱ्याबद्दल आणि आयर्न ऑक्साइडच्या तपकिरीबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. लेझरच्या झोतात ही ऑक्साइडं बदलतात आणि पांढरा किंवा मातकट भाग क्षणात काळा पडू शकतो. आधी एका लहानशा ठिपक्यावर चाचणी करून घ्या, आणि काही आठवडे थांबून मगच पुढचं ठरवा.