पंगतीतून उठवल्यासारखं वाटत नाही का?

"चर्चमध्ये सगळ्यांना भाकर मिळते आणि तुमच्या डोक्यावर नुसता हात. पंगतीतून उठवल्यासारखं वाटत नाही का?" माहेरी परभणीला गेले की कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

मी हिंदू; सासर ख्रिस्ती, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचं. लग्नानंतर मी बाप्तिस्मा घेतला नाही, सासूबाईंनीही कधी विषय काढला नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या, रविवारी मात्र मी त्यांच्यासोबत वेदीच्या कठड्यापाशी जाऊन गुडघे टेकते. शेजारी दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी, न झालेल्या पोरी असतात, तेल चोपडून घट्ट वेण्या घातलेल्या, एकमेकींना कोपरानं ढोसणाऱ्या. पाळकसाहेब सासूबाईंच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतात आणि तोच हात माझ्या डोक्यावर येतो. "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो." हे बायबलातल्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन. मग त्या वेण्यांची पाळी.

पंगतीचा प्रश्न मराठवाड्यात कुणी उगाच विचारत नाही. इथली बरीच ख्रिस्ती घरं ज्या वस्त्यांतून आली, तिथल्या म्हाताऱ्यांना पंगतीबाहेर बसणं म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. पण तिथे जन्मच आडवा यायचा, त्याला इलाज नव्हता. इथे माझा जन्म कुणी काढत नाही. त्या भाकरीमागे ख्रिस्ताला प्रभू मानल्याची कबुली असते आणि ती मी दिलेली नाही. देवळात प्रसादाला हात पुढे करायला असलं काही लागत नाही; त्याच सवयीनं इथे हात पुढे करणं मला खोटं वाटतं.

कॅथलिकांकडे गेलो की गंमत होते. 1983च्या कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे, तिथली पवित्र भाकर, काही अपवाद सोडले तर, कॅथलिकांनाच. त्यामुळे बाप्तिस्मा झालेले आमचे हेसुद्धा माझ्यासारखेच छातीवर हातांची फुली करून उभे! असं उभं राहिलं की मिळणारा आशीर्वाद मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेच्या, विधीत लिहिलेला नाही, रूढीनं आलाय. काही फादर देतही नाहीत. बाप्तिस्मा कॅथलिकांचा आणि ह्यांचा, दोन्ही खरे मानायचे आणि ताट मात्र वेगळं, हे मला अजून पटत नाही. यावर घरी जेवताना वादही होतात, आणि सासूबाई माझ्या बाजूनं असतात.

नाताळला आमच्याकडे याल तेव्हा कठड्याशी हात जोडूनच ठेवा. तळवा पुढे केलात तर पाळकांना वाटेल, भाकर हवी आहे. आणि यावंसं वाटलं नाही तर बाकावरच बसा, फक्त जाणाऱ्यांसाठी पाय आत घ्या.