जपानला जमलं, मग इराकला का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जपानच्या इतिहासावर कुठेही बोलायला गेलो की हा प्रश्न ठरलेला: 'अमेरिकेने जपानला हरवून तिथे लोकशाही रुजवली, मग इराकमध्ये का नाही जमली?' विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही बहुधा तयार असतं: जपानी शिस्तीचे, इराकी भांडखोर. मला ते अजिबात पटत नाही.

१९४५ साली जपानची पाटी कोरी नव्हती. १८९०पासून संसद होती. १९२५ साली पंचविशीपुढच्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला होता. राजकीय पक्ष होते, कामगार संघटना होत्या. मे १९३२मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाईंना त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या आणि पक्षांच्या सरकारांचा काळ संपला. युद्धानंतर अमेरिकेने लष्कराला वाटेतून दूर केलं, हे तिचं श्रेय कुणी नाकारू नये. पण वाट आधीपासूनची होती.

बायकांच्या मताधिकाराचंच बघा. फुसाए इचिकावा १९२०च्या दशकापासून त्यासाठी झगडत होत्या. १९३१ साली स्थानिक निवडणुकांपुरता हक्क देणारं विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं आणि सरदार-उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाने ते पाडलं. ऑक्टोबर १९४५मध्ये जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांनी सुधारणांची यादी हातात ठेवली, त्याच्या आदल्याच दिवशी जपानी मंत्रिमंडळाने बायकांना मत देण्याचा निर्णय घेऊन टाकला होता. एप्रिल १९४६च्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या. आणि इचिकावा? युद्धकाळात सरकारधार्जिण्या संघटनेत पद घेतलं म्हणून १९४७ साली त्याच अमेरिकी प्रशासनाने त्यांना सार्वजनिक जीवनातून बाद केलं. बंदी उठली १९५० साली. १९५३मध्ये त्या नव्या, लोकांनी निवडून द्यायच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आल्या.

राज्यघटनेचा मसुदा मात्र खरंच अमेरिकनांनी लिहिला, फेब्रुवारी १९४६मध्ये, आठवड्याभरात आणि गुपचूप. मसुदा लिहिणाऱ्यांत बाविशीची बेआते सिरोटा होती. लहानपण टोकियोत गेलेलं, जपानी अस्खलित. ती जीपमधून वेगवेगळ्या ग्रंथालयांत फिरली आणि देशोदेशीच्या घटना गोळा करून आणल्या. एकाच ठिकाणाहून सगळ्या घेतल्या असत्या तर लोकांना संशय आला असता. विवाहात स्त्री-पुरुष समान, हे सांगणारं कलम २४ तिच्या मसुद्यातून आलं. तिने आणखी बरंच लिहिलं होतं, वरिष्ठांनी ते कापलं तेव्हा ती रडली. उलट 'किमान सुसंस्कृत जीवनाचा हक्क' अमेरिकी मसुद्यात नव्हता. तो कलम २५मध्ये जपानी संसदेतल्या समाजवाद्यांनी घातला. ३ मे १९४७ला लागू झालेल्या त्या घटनेत आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही.

जाता जाता: तेव्हा जपानवर पहारा देणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुल फौजेत आपली मराठा लाइट इन्फंट्रीची पलटणही होती. स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात, आणि हे निघाले दुसऱ्याला लोकशाहीच्या वळणावर आणायला!

आता इराक. तिथेही १९२५पासून संसद होती, पण ब्रिटिशांनी गादीवर बसवलेल्या राजाच्या सावलीत. १९५८च्या उठावात त्याच घराण्यातला राजा मारला गेला आणि ती संसदही गेली. म्हणजे बाहेरच्याच्या हातून आलेल्या संसदेचा अनुभव इराकी माणसाने आधीच घेतला होता. २००३ साली अमेरिकेने सद्दाम हुसेनची राजवट पाडली, प्रशासक म्हणून पॉल ब्रेमर आले आणि मे महिन्यातच त्यांनी दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकरीतून घालवलं; त्यात शिक्षक आले, डॉक्टर आले. दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं. हाती बंदूक असलेली लाखो माणसं एका फटक्यात बेकार. जपानमध्ये सैन्य मोडलं तरी मंत्रालयं, कारकून, अगदी सम्राटसुद्धा जागेवर ठेवले होते आणि हुकूम त्यांच्याच मार्फत सुटत होते. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सम्राटाला साधं साक्षीलाही न बोलावणं मला आजही खटकतं. पण राज्यकारभार चालू राहिला, हे खरं.

आणि जपानला 'जमलं' म्हणताना पुढचंही सांगायला हवं. शीतयुद्ध तापलं तशी अमेरिकेची तऱ्हा बदलली. १ फेब्रुवारी १९४७चा देशव्यापी संप मॅकआर्थरने आदल्या दिवशी बंद पाडला. युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून तुरुंगात टाकलेले नोबुसुके किशी १९४८मध्ये खटल्याविना सुटले आणि १९५७मध्ये पंतप्रधान झाले. मे १९६०मध्ये अमेरिकेशी सुरक्षा करार रेटण्यासाठी त्यांनी संसदेत पोलीस बोलावले, ठिय्या देऊन बसलेल्या समाजवादी खासदारांना उचलून बाहेर काढायला लावलं आणि मतदान उरकलं. मग लाखो लोक रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दौरा रद्द करावा लागला, किशींना खुर्ची सोडावी लागली. करार मात्र आजही लागू आहे, आणि जपानच्या ओकिनावा बेटावरचे अमेरिकी लष्करी तळही तिथेच आहेत.