शीर जुळली, पण चिकटू द्यायची नव्हती

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी नारळ सोलताना कोयती निसटली आणि डाव्या अनामिकेच्या मुळाशी बसली. दाबून धरल्यावर रक्त थांबलं, पण मूठ मिटायला गेलो तर अनामिका ताठच. आमच्याकडे याला शीर तुटणं म्हणतात. खरं तर तुटते ती बोट वाकवणारी कंडरा, डॉक्टरांचं टेंडन. देवगडहून फोंडा घाटानं कोल्हापूर गाठलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

मला वाटलं, सुटलो. खरं काम चौथ्या दिवशी सुरू झालं. हाताच्या पाठीवर स्प्लिंट, हात जागच्या जागी धरणारा कडक आधार, बोटं मुळाशी वाकलेली, म्हणजे टाक्यांवर ताण नको. स्प्लिंट न काढता दर तासाला दहा वेळा उजव्या हातानं बोट तळव्याकडे हलकेच वाकवायचं, मग ते आपणहून स्प्लिंटला टेकवायचं. स्वतःच्या जोरानं मिटायचं नाही. आई कळवळायची, "हात हालव नको रे, शीर परत तुटतली!"

फिजिओथेरपीच्या बाईंनी तिला विचारलं, "काकी, लेंगा शिवताना एक टाका नाडीतून गेला तर नाडी सरकते का?" आईनं आयुष्यभर शिवणकाम केलंय, तिला तिथेच पटलं. बोटातली कंडराही अशीच नेफ्यासारख्या अरुंद नळीतून सरकते. जखम भरताना कंडरा सांधली जाते, तशीच हात स्वस्थ ठेवला तर ती नळीलाही चिकटते. डुरान आणि हाऊसर या डॉक्टरांनी १९७५ साली मांडलं, की कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली तरी पुरे. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं! दुखायचं तेव्हा मी तो दाणा डोळ्यांसमोर आणायचो.

मग चतुर्थी आली. ऑपरेशनला अडीच आठवडे झालेले, घर चाकरमान्यांनी भरलेलं, रात्री भजनं. पाच दिवस व्यायाम जवळजवळ सुटलाच. याची बोच मला अजून आहे.

घटस्थापनेच्या सुमारास स्प्लिंट निघालं. पहिल्यांदा स्वतःहून मूठ मिटली, तर अनामिकेचं टोक तळव्यापासून साडेतीन सेंटिमीटरवर थांबलं. बाईंनी मोजपट्टी लावून वहीत लिहिलं. आता मधलं पेर उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरायचं आणि फक्त टोकाचं पेर वाकवायचं. पहिले आठ दिवस ते हललंच नाही, नुसती तळव्यात खोल एक ओढ जाणवायची. नवव्या दिवशी नख किंचित झुकलं. मी आईला हाक मारली, तिनं चष्मा लावून पाहिलं. भरलेल्या व्रणावर रोज खोबरेल तेलानं दाबून मालिश तीच करायची. वजन मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत उचलायचं नव्हतं. घागरसुद्धा नाही.

महिनोन्महिने व्यायाम करूनही कंडरा सुटली नाही, तर ती मोकळी करायला दुसरं ऑपरेशन असतं, आणि त्यानंतरही लगेच हाच व्यायाम. मला ते लागलं नाही. वहीतला शेवटचा आकडा अर्ध्या सेंटिमीटरचा आहे. परवा डाव्या हातानं रहाटाचा दोर धरून कळशी वर काढली.