सोळा टीबीची हार्ड डिस्क घेताना

लग्नाचं शूटिंग फोर-के झालं तेव्हापासून आमच्या डोंबिवलीच्या स्टुडिओत डिस्क पुरेनाशा झाल्या. सेकंदाला 100 मेगाबिटवर (एमबीपीएस) एक कॅमेरा तासाला 45 जीबी खातो. तीन कॅमेरे हळदीपासून रिसेप्शनपर्यंत चालवले की एका लग्नाचा एक टीबी सहज होतो. शिवाय पार्टी दोन वर्षांनी फोन करते, "दादा, कन्यादानाचा रॉ डेटा आहे ना तुमच्याकडे?" नाही म्हणायची सोय नसते.

मोठी डिस्क घ्यायचं ठरल्यावर आधी कागदावर भाव मांडले आणि प्रत्येक भावाला टीबीने भागलं. त्यात 4 टीबीची दर टीबीला सगळ्यात महाग पडत होती, मधल्या आकारांना भाव उतरत होता आणि बाजारात नुकत्याच आलेल्या सगळ्यात मोठ्या डिस्कला परत चढत होता. पण हा आकडा एकटा काही कामाचा नाही. डिलिव्हरी होईपर्यंत डेटा दोन जागी ठेवतो, म्हणजे जी घेऊ ती दोनदा घ्यायची. त्या हिशेबात 16 च्या दोन बसल्या.

दुसरा प्रश्न एसएमआरचा, म्हणजे डिस्कवर डेटा लिहायच्या एका पद्धतीचा. या पद्धतीत ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर वरची उचलावी लागतात. म्हणून सलग मोठा डेटा लिहिताना डिस्क सुरुवातीला पळते आणि मग अचानक मंदावते. 2020 साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवर जोडायच्या स्टोरेज बॉक्ससाठी) विकल्या जाणाऱ्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्या, बराच गदारोळ झाला, आणि मग कंपनीने कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची याची यादी जाहीर केली. गंमत अशी, की दुकानात मिळणाऱ्या 10 टीबीच्या पुढच्या डिस्क बहुतेक सीएमआरच, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या, असतात. ही कटकट स्वस्त, मध्यम आकाराच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये जास्त. तरी मॉडेल नंबर टाकून डेटाशीट बघितलीच. तिथे वर्षाला किती डेटाची ये-जा डिस्क झेपवेल तेही लिहिलेलं असतं: साध्या डेस्कटॉप डिस्कला साधारण 55 टीबी, नॅसच्या डिस्कला 180, सर्व्हरसाठीच्या एंटरप्राइज डिस्कला 550. आमच्या एडिटिंगला 55 फार तोकडे.

लॅमिंग्टन रोडला एंटरप्राइज डिस्कचा भाव नॅसवाल्या डिस्कच्या जवळपासच मिळाला. एका दुकानात त्याहून स्वस्त माल होता, बॉक्स नाही, फक्त चंदेरी पिशवी. वॉरंटी विचारली तर, "साहेब, एक वर्ष दुकानाची. काही होत नाही हो!" तिथेच उभं राहून सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, वॉरंटी लागू नाही असं आलं. पुढच्या दुकानात जीएसटीच्या पक्क्या बिलावर पाच वर्षांची मिळाली. 2025 च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क, चाललेले तास शून्यावर आणून, नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं बाहेर आली होती. खरे तास डिस्कमधल्याच फार्म (FARM) नावाच्या वेगळ्या लॉगमध्ये सापडले. त्यामुळे नुसता स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) आकडा बघून मी समाधान मानत नाही.

घरी आल्यावर खरा खेळ. जुन्या यूएसबी डॉकमध्ये टाकली तर 16 टीबीची डिस्क 566 जीबी दिसली. डिस्क खराब नव्हती. डॉकची चिप सेक्टर 32 बिटांत मोजते, साधारण 2.2 टीबी झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू, आणि सात फेऱ्या होऊन जे उरतं ते 566. मग थेट मशीनला जोडली. तर डिस्क सुरूच होईना, झाकणावर हात ठेवला तरी कंप नाही.

हे मात्र आधी वाचलं होतं. काही एंटरप्राइज मॉडेलमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले की डिस्क बंद राहते, कारण सर्व्हरवाल्यांना ती लांबून बंद-चालू करायची असते. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) त्या पिनेला सतत 3.3 व्होल्ट देतो. भिंगाखाली धरून तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी चिकटवली आणि लगेच घरघर सुरू झाली. मोलेक्स या जुन्या पॉवर प्लगवरून डिस्कच्या साटा प्लगला जाणारा जोड लावूनही हे सुटतं, पण ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोड वितळल्याची, जळल्याची उदाहरणं आहेत, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. कॅबिनेटच्या ट्रेमध्येही अडलं. हेलियम वायू भरलेल्या बऱ्याच मोठ्या डिस्कला बाजूचं मधलं स्क्रूचं भोक नसतं. दोनच स्क्रूवर बसवली.

डिस्कची विभागणी जीपीटी पद्धतीने केल्यावर विंडोजला 14.5 टीबी दिसले. ते ठीक आहे, कंपनी दशमानात मोजते आणि विंडोज द्विमानात. डेटा टाकण्याआधी दोन्ही डिस्कवर पूर्ण सरफेस टेस्ट (प्रत्येक जागा तपासणारी चाचणी) लावली. एका डिस्कला जवळपास अख्खा दिवस-रात्र लागते, इन्व्हर्टर नसेल तर सुरूच करू नये. आता एडिटिंग करताना दर काही सेकंदांनी टक् असा आवाज येतो. आमचा असिस्टंट दचकला होता. डिस्कमधल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडची ती नेहमीची हालचाल आहे, बिघाड नव्हे.

कल्याणचा एक मित्र आता जुन्या नॅसमध्ये 24 टीबीची टाकायची म्हणतोय. त्याला आधी त्या नॅसचा मॉडेल नंबर पाठवायला सांगितलाय. 32 बिटचा प्रोसेसर निघाला तर एक व्हॉल्यूम 16 टीबीच्या पुढे जाणार नाही, आणि वरचे पैसे वाया.