सेल्फ चेकआऊटवर गिफ्ट कार्ड घेतली, बिल आलं पण कार्ड चालूच झाली नव्हती – माझा अनुभव

आधी मुख्य गोष्ट सांगते, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. सेल्फ चेकआऊटवर, म्हणजे आपणच वस्तू स्कॅन करून पैसे भरतो त्या मशीनवर, गिफ्ट कार्ड घेतलंत तर नुसतं बिल मिळालं म्हणून दुकानातून निघू नका. मी घेतली त्या दुकानात बिलासोबत प्रत्येक कार्डाची ॲक्टिव्हेशनची (कार्ड चालू झाल्याची) वेगळी चिठ्ठी येते, तिच्यावर कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम छापलेली असते. ती आली का बघा, नसेल तर तिथेच उभं राहून कार्डाचा बॅलन्स चेक करून मागा. मला हे कुणी सांगितलं नाही, आणि त्याचा त्रास मला नाही, आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना झाला, ऐन दिवाळीत, गच्च भरलेल्या दुकानात. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमची सोसायटी पुण्यात वारज्यात, ४० फ्लॅटची. दरवर्षी दिवाळीला वॉचमन, झाडणाऱ्या मावशी, माळीकाका, पाण्याचं बघणारे दादा अशा सगळ्यांना आम्ही मिठाईचा बॉक्स द्यायचो. यंदा मीटिंगमध्ये विषय निघाला की मिठाई त्यांना दहा घरांतून मिळते, त्यापेक्षा किराणा आणि कपडे एकाच ठिकाणी मिळतात अशा दुकानाचं कार्ड देऊ, ज्याला जे हवं ते तो घेईल. ९ माणसं, प्रत्येकी १०००. सेक्रेटरी मी, त्यामुळे आणायचं काम माझ्याकडे आलं. मला कल्पना मनापासून आवडली होती, आजही आवडते, हे आधीच सांगून ठेवते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गेले. काउंटरच्या रांगा पार भाजीच्या रॅकपर्यंत आलेल्या, सेल्फ चेकआऊटची चार मशीनं मात्र बऱ्यापैकी मोकळी, म्हणून तिकडे वळले. कार्ड मशीनच्या बाजूच्याच स्टँडला लटकवलेली असतात. ती तिथे असतात तेव्हा त्यांच्यात एक रुपयाही नसतो, नुसतं प्लॅस्टिक. आपण स्कॅन करून पैसे भरले की मशीन कार्ड कंपनीच्या सर्व्हरला कळवतं की अमुक नंबरच्या कार्डात एवढे टाका, तिकडून हो आलं की कार्ड जिवंत. हे मला आता माहितीये. तेव्हा वाटलं होतं की बिस्किटाच्या पुड्यासारखं असेल, स्कॅन केलं, पैसे दिले, झालं.

घेताना कार्डाचं पाकीट फाटलंय का, मागची खरवडायची पट्टी शाबूत आहे का हे नक्की बघा. पट्टी आधीच खरवडलेली असेल तर तिच्याखालचा पिन कुणीतरी वाचलेला असू शकतो आणि तुम्ही पैसे भरल्यावर तो दुसराच वापरेल. तसं कार्ड बाजूला ठेवून हेल्परला दाखवा.

पहिली ५ कार्ड नीट गेली. त्या मशीनला सामान ठेवायच्या जागेखाली वजनकाटा आहे, कार्ड इतकं हलकं की काट्याला कळतच नाही, त्यामुळे दर कार्डाला 'वस्तू पिशवीच्या जागी ठेवा' म्हणून लाल दिवा, आणि दर वेळी हेल्पर मुलगा येऊन त्याचं कर्मचाऱ्याचं कार्ड मशीनला टेकवून जायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने विचारलं, मॅडम एवढी कार्ड कुणी फोनवर घ्यायला सांगितलीत का. मला रागच आला होता खरं तर. मी म्हणलं सोसायटीसाठी आहेत. पण नंतर विचार केला, तो बरोबर होता. साहेबाच्या किंवा चेअरमनच्या नावाने मेसेज येतो की अर्जंट गिफ्ट कार्ड घे आणि मागचे नंबर पाठव, लोक पाठवतात आणि पैसे गेले. तसा मेसेज आला तर आधी त्या माणसाला स्वतः फोन लावा, आणि नंबर पाठवून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. एवढ्या एका प्रश्नासाठी त्या मुलाचे मला आभार मानायचेत.

त्या मशीनवर एका बिलात ५ च कार्ड होतात म्हणून उरलेल्या ४ चं दुसरं बिल. सगळं घोडं अडलं ते इथे.

४ कार्ड स्कॅन झाली, ४००० आले, स्क्रीनवरचा क्यूआर मारला, माझ्या फोनवर हिरवी टिक आणि बँकेचा मेसेजपण आला, पण मशीनवर गोल गोल फिरतंय. दोन मिनिटं फिरलं, मग स्क्रीनवर मदतीसाठी कर्मचाऱ्याला बोलवा. मुलगा आला, म्हणाला पेमेंट आलं नाही मॅडम, परत करा. मी म्हणलं माझे कटलेत, परत करणार नाही, आणि त्याला यूपीआयचा बारा आकडी नंबर दाखवला. (हे तुम्हीपण करा, घाईत दुसऱ्यांदा भरू नका. खात्यातून कटले आणि दुकानाला पोचलेच नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर केला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.) त्याने कुणालातरी बोलावलं, त्या दुसऱ्याने काहीतरी पासवर्ड टाकून दोन-तीन बटणं दाबली, आणि खरखर करत बिल आलं. ४ गिफ्ट कार्ड, ४००० भरले, स्वच्छ लिहिलेलं. मी विचारलं, झालं ना? तो म्हणाला बिल आलंय ना, झालं. मागे तोवर सहा-सात माणसं थांबलेली, एक आजोबा हातात पणत्यांचं पाकीट धरून माझ्याकडेच बघतायत. मी निघाले.

पहिल्या बिलासोबत पाच छोट्या चिठ्ठ्या आल्या होत्या. दुसऱ्या बिलासोबत एकही आली नाही. मी ते पाहिलं आणि तरी विचारलं नाही, ही माझी चूक, मी मान्य करते.

वसुबारसेला संध्याकाळी गेटपाशी दिवे लावून वाटप झालं, चेअरमन काकांच्या हस्ते, फोटो वगैरे. मावशींनी दोनदा विचारलं, ताई यात खरंच हजार आहेत ना, मला वाचता येत नाही म्हणून विचारते. मी म्हणलं आहेत मावशी, काही काळजी करू नका. हे माझे शब्द.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी मुलीला घेऊन दुकानात गेल्या. तेल, रवा, मैदा, साखर, डालडा, मुलीला एक टॉप. रांगेत पाऊण तास. काउंटरवरच्या मुलीला कार्ड दिलं तर तिने सांगितलं हे चालू नाही. परत मारून बघा म्हणल्या तर म्हणे बंद आहे, कुठून आणलंत? कुठून आणलंत! मागच्या बाईंनी म्हणे पर्स दुसऱ्या हातात घेतली. मावशींकडे रोख तीनशेच होते. तेल ठेवलं, रवा ठेवला, मुलीने स्वतःच्या हाताने टॉप परत ठेवला, आणि दोघी रिकाम्या हाताने रामनगरपर्यंत चालत घरी गेल्या. मला फोनही केला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला आल्या तेव्हा कार्ड पदराच्या टोकाला बांधून आणलेलं, ते सोडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ताई हे राहू दे तुमच्याकडे, मिठाईच बरी होती.

मला तिथे उभं राहवेना. चहा तसाच टाकला आणि कामाला लागले. आणि मग कळलं की कुठलं कार्ड कुणाला दिलं हेच मी लिहून ठेवलं नव्हतं. म्हणजे बंद असलेली ४ शोधायला नऊच्या नऊ माणसांना गाठायचं, त्यात एक वॉचमन सुट्टीवर भोरला गावी गेलेला. चिठ्ठ्यांवरचे आकडे जुळवत बसले, त्याच्या बायकोने फोनवर शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. तुम्ही बऱ्याच जणांना देणार असाल तर पाकिटावर नाव आणि वहीत शेवटचे चार आकडे, घरीच लिहून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुकानात गेले. कस्टमर सर्व्हिसच्या टेबलावर बिल दाखवलं. तिथली मुलगी म्हणाली बिल बरोबर आहे, पैसे आलेत, कार्ड कंपनीशी बोला. कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन केला, वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर तिकडचा माणूस म्हणाला आमच्याकडे या नंबरांची रिक्वेस्टच आली नाही, दुकानाशी बोला. परत टेबलापाशी. आता म्हणे हेड ऑफिसला मेल टाकतो, सात वर्किंग डेज. मी म्हणलं सात वर्किंग डेज म्हणजे भाऊबीजही होऊन जाईल. मग रिफंड द्या. तर रिफंड होत नाही, गिफ्ट कार्डाचा रिफंड नसतो. अहो पण कार्ड चालूच झालेलं नाही! ज्याच्यात पैसे पडलेच नाहीत त्याला विकलेलं कार्ड कसं म्हणता? तिच्याकडे उत्तर नव्हतं, ती बिचारी तरी काय करणार, वरच्यांनी तिला ते एक वाक्य पाठ करून दिलेलं.

संध्याकाळी पुन्हा गेले. मॅनेजर जेवायला गेलेत. अर्धा तास थांबले, मग कळलं ते दुसऱ्या शाखेत गेलेत. त्या दिवशी घरी दिवे लावायला मी नव्हते, मुलाने लावले.

तिसऱ्यांदा गेले ते तयारीने. दोन्ही बिलं, पाच चिठ्ठ्या, चार कार्ड, यूपीआयचा नंबर, बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, सगळं एका फोल्डरमध्ये. आणि एका कागदावर तक्रार लिहून दोन प्रती. मॅनेजर भेटले. मी म्हणलं मला वाद घालायचा नाही, ही तक्रार घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का द्या, मी इथूनच १९१५ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंदवते. आवाज चढवला नाही, खरंच नाही. त्यांनी बिल हातात घेतलं, नीट वाचलं, आणि विचारलं चिठ्ठ्या कुठेत? पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न विचारला! मग मला बरोबर घेऊन एका साध्या काउंटरवर गेले, त्यांचा पासवर्ड टाकला, बिलावरचा बारकोड मारला, आणि एकेक कार्ड स्कॅन केलं. खरखर, चिठ्ठी. खरखर, चिठ्ठी. चार मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मशीन अडकलं तेव्हा त्या दुसऱ्या माणसाने बिल पुढे ढकललं, पण कार्ड चालू करायचा निरोप सर्व्हरकडे गेलाच नाही, आणि तो परत पाठवायची सोय कुठल्याही काउंटरवर असते. चार मिनिटांचं काम, आणि त्यासाठी तीन फेऱ्या, तीन दिवस, आणि एका बाईचा अपमान.

मी त्यांना मावशींचं सांगितलं. काउंटरवर काय विचारलं गेलं तेही सांगितलं. ते गप्प झाले आणि म्हणाले चुकलंच आमचं. त्यांनी ते म्हणलं याचं मला बरं वाटलं, पण तो शब्द ज्यांना ऐकवायचा त्या तिथे नव्हत्या.

आता आठवतंय तसं बाकीचं. सोसायटीच्या किंवा कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर सेल्फ चेकआऊटवर जाऊच नका, त्या मशीनवर नाव टाकता येत नाही, आमच्या खजिनदारांनी ऑडिटसाठी म्हणून मला चौथी फेरी मारायला लावली. ५ पेक्षा जास्त कार्ड असतील तरी काउंटरच बरा, रांग असली तरी. सणाच्या आदल्या दिवशी तर नकोच, आठवडाभर आधी जा म्हणजे काही बिघडलं तर दिवस हातात राहतात. एकाच दुकानात चालणारं कार्ड वेगळं आणि अनेक दुकानांत चालणारं वेगळं, दुसऱ्या प्रकाराला रिझर्व्ह बँकेचे नियम लागतात, एका गिफ्ट कार्डात जास्तीत जास्त १०,०००, त्यातून रोख काढता येत नाही आणि परत भरताही येत नाही. मुदत कार्डावर किंवा चिठ्ठीवर छापलेली असते, देताना तोंडी सांगा, सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. आणि ज्याला द्यायचंय त्याला चिठ्ठीसकट द्या, स्वतःकडे फोटो ठेवा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी मावशींना घेऊन दुकानात गेले. यायला तयार नव्हत्या, मीच आग्रह केला. तेच तेल, तोच रवा, मैदा, साखर, डालडा, टॉप मात्र तो संपला होता, दुसरा निळा मिळाला. मुद्दाम त्याच काउंटरवर उभ्या राहिलो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड मारलं, पिन टाकला, टुंग वाजलं. मावशी माझ्याकडे न बघता त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. ९६२ झाले. उरलेले ३८ रोख मिळतील का विचारलं तर नाही, कार्डातच राहतात. मावशींनी कार्ड आणि चिठ्ठी दोन्ही घडी करून बटव्यात ठेवली आणि म्हणाल्या, असू दे ताई, संक्रांतीच्या गुळाला होतील.