बापूने खाल्ली दोन वर्षं

मंडळी, बोटवाल्या आजोबांच्या वडिलांचं नाव सापडलं म्हणून मागे मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, ते नाव आता हातातून गेलंय. आणि तरी चार दिवस मी इतका खूश आहे की घरातले विचारतायत काय झालं म्हणून.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात, आजोबा १८५३ ला मजूर म्हणून मुंबईहून बोटीने मॉरिशसच्या पोर्ट लुईला उतरले, वय १९, जिल्हा रत्नागिरी, गाव मालवणकडचं, डाव्या भुवईवर व्रण. (सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, तेव्हा तिकडच्या मजुरांच्या रजिस्टरात रत्नागिरी दिसलं की आजच्या रत्नागिरीतच शोधत बसू नका, मी बसलो होतो.) फोटो नाही, तिकडे मजुरांचे फोटो काढायची पद्धत १८६० च्या दशकातली. आपलं आडनाव बोटीवर चढलंच नाही, तिकडच्या घराचं आडनाव म्हणजे आजोबांचं पाळण्यातलं नाव. म्हणजे सगळी भिस्त रजिस्टरातल्या बापाच्या नावाच्या रकान्यावर, आणि मॉरिशसमधल्या वाक्वाच्या ताईकडे (ती आजोबांच्या तिकडच्या वंशातली) घरात जपलेला जो टाइप केलेला उतारा आहे त्यात तिथे लिहिलंय ‘बापू’.

आमच्या गावात एकाच कुळाची दोन घरं, वरचं आणि खालचं. मोरसला (म्हणजे मॉरिशसला) गेलेला माणूस आमचा, असं दोन्हीकडे म्हणतात. आमच्या वरच्या घराच्या वंशावळीत बरोबर त्या पिढीला एक बापू आहे, त्याचा एक मुलगा ‘गेला’ एवढंच माहीत आहे, झालं, मी रेघ ओढून टाकली. दोन वर्षं त्या बापूच्या मागे, खोतांकडची जुनी कागदं, नाशिकच्या उपाध्यायांची वही, सगळं झालं, पण बापूला हा मुलगा होता असं लिहिलेलं एकही पान मिळालं नाही. मी म्हणायचो कागद गेले असतील. वाळवीवर ढकललं की प्रश्न मिटतो ना.

तर गेल्या रविवारी काकीला फोन केला. मागून कोणीतरी पोर रडत होतं आणि काकी म्हणाली, “अरे तेचो बापूस बाजारात गेलो हा, म्हणान रडता.” मी पुढे काय बोललो मला आठवत नाही. बापूस, मालवणीत बाप! १९ वर्षांचा मालवणी पोरगा, लिहिणारा साहेब, मध्ये दुभाषी, प्रश्न विचारला बापाबद्दल, आणि पोराच्या तोंडून पहिला शब्द काय येणार? बापूस. लिहिणाऱ्याला काय माहीत हे नाव नाही म्हणून.

पण हे सगळं डोक्यातलं. उताऱ्यात ‘स’ नाही. म्हणून ताईला मेसेज टाकला की मोक्याला, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अर्काइव्हमध्ये जाऊन मूळ पान बघता येईल का. ताई शाळेतून अर्धी रजा काढून गेली. मी तिला सांगितलं होतं की नुसतं वाचू नकोस, वाचताना आपण आपल्याला हवं तेच वाचतो, अक्षर जसंच्या तसं पेन्सिलने उतरव. तिने उतरवलं. बी, ए, पी, दोन ओ, आणि शेवटच्या ओला चिकटून एक छोटा वळसा, खाली उतरून डावीकडे वळलेला. टाइप करणाऱ्याला ती शाईची शेपटी वाटली असेल, मलाही वाटली असती.

आता शेपटी की अक्षर? इथे ताईने जे केलं त्याला माझा सलाम. त्याच पानावर खुणांच्या रकान्यात देवीच्या व्रणांसाठी ‘मार्क्स’ हा शब्द सहा वेळा आलाय, तिने सहाही ‘मार्क्स’चे शेवटचे एस उतरवून आणले. सहाच्या सहा तसेच, खाली उतरून डावीकडे वळलेले. आणि चार ओळी खाली दुसऱ्याच एका माणसाच्या बापाच्या जागी खरा ‘बापू’ आहे, त्याचा शेवटचा ओ साफ गोल, शेपटी नाही. मी दोन्ही शेजारी ठेवून घड्याळवाल्याकडून आणलेल्या भिंगाखाली तासभर बघत होतो. एकाच हाताने एकाच दिवशी लिहिलेले दोन शब्द, आणि वेगळे. माझ्या मते संपला विषय, कोणाला अजून शंका असेल तर सांगा, मला खरंच ऐकायचंय.

एक सांगतो, स्कॅन ॲपवर विसंबू नका. ते कागद पांढराशुभ्र करून देतात आणि त्या सफाईत अशा पुसट रेघा पहिल्या मरतात. साधा फोटो, तिरका उजेड, आणि जिथे फोटो चालत नाही तिथे पेन्सिल.

ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधली रेघ मी काढून टाकली. (अजूनही सांगेन, ग्रॅम्प्सच वापरा, फुकट आहे, देवनागरी नीट घेतं, आणि पुराव्यावर किती भरवसा हे नोंदवायची सोय आहे, जी मी वापरली असती तर ही रेघ एवढी ठळक झालीच नसती.) काढताना बोट जड झालं. ताई दोन वर्षांपूर्वी गणपतीला आमच्याकडे आली होती, आईने ओटी भरली, जाखडी बघून ती रडली, म्हणाली आमच्याकडे पण हीच, आम्ही झाकरी म्हणतो. तिला मी सांगितलं होतं की हे तुझं घर. आता कदाचित तिचं घर ते नाही, पन्नास पावलं खाली आहे. आणि खालच्या घरची आजी किती वर्षं सांगत होती, “मोरसाक गेलो तो आमचो,” मी मान हलवून चहा पिऊन परत यायचो. आजी गेल्या वर्षी गेली. मला तिला सांगायचं होतं.

डीएनएचं विचारणाऱ्यांना, वाय टेस्ट (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) इथे कामाची नाही, दोन्ही घरं एकाच मूळ पुरुषाची, दोन्हीकडे वाय तोच येणार. ऑटोसोमल टेस्टमध्ये (आईबाप दोघांकडून येणाऱ्या बाकी गुणसूत्रांच्या) ताई आणि मी जुळलो तरी पिढ्यानपिढ्या पंचक्रोशीतच सोयरिकी, त्यामुळे सेंटीमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप) फुगलेलेच दिसतात. ३० सेंटीमॉर्गनवर मी परत कोणाला ‘आपलं घर’ म्हणणार नाही.

मग ठरवलं की लग्नाचा दाखला शोधायचा. इंग्रजांनी १८१० ला बेट घेतलं तरी तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला, त्यामुळे लग्नाच्या नोंदीत वरवधूच्या आईबापांची नावं येतात. अडचण ही की आपल्या लोकांची देवाधर्माने झालेली लग्नं सरकारी दप्तरी धरत नसत, ताईच्या पणजोबांच्या जन्मनोंदीत म्हणूनच फक्त आईचं नाव आहे. नोंद कधी नंतर केली असेल तरच मिळणार.

हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, लग्न राहू दे, मुलं बघू! ताईचे पणजोबा म्हणजे आजोबांचा दुसरा मुलगा. थोरला रिव्हिएर न्वारकडे गेला, त्याचं घर आम्ही कधी उघडलंच नाही. आणि थोरल्या नातवाला नाव कोणाचं ठेवतात? त्याच्या आजोबांचं, म्हणजे इथे आपल्या बोटवाल्या आजोबांच्या बापाचं. बाप वारल्याचं त्यांना तोवर कळलं असेल तर. कळलं नसेल तर नाही ठेवणार, जिवंत माणसाचं नाव घरात कोण ठेवतं, सुनेने हाक कशी मारायची. तरी हे लग्नाच्या दाखल्याच्या आधी करायला हवं.

म्हणजे ते नाव ताडून बघायला खालच्या घरची ट्रंकही आता लगेच. त्यात मोडीतलं वाटणीपत्र आहे असं आजी म्हणायची. भावांची नावं असतील, बापाचं असेल, आणि नशीब असेल तर एका भावापुढे ‘परागंदा’ लिहिलेलं असेल. तेवढा एक शब्द ओळखण्यापुरती मोडी मला येते. बाकी पानं पुण्याच्या वाचकांकडे, पानाला ३०० घेतात पण शब्द गाळत नाहीत, मोडीची ॲप्स मी तीन वापरून पाहिली, जोडाक्षर आलं की सगळी मनाचं सांगतात.

काकीला काल सगळं सांगितलं, रेघ काढून टाकली तेही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ओटी भरलेली ती काय परत घेतंत? खालच्यांका मी सांगतंय ट्रंक काढूक, तू शनिवारी ये.”

शनिवारचं कोकणकन्येचं वेटिंग ४१ आहे, एसटीने जातोय. ताई मंगळवारी पोर्ट लुईला थोरल्याची जन्मनोंद बघायला जाणार. तिला अजून सांगितलेलं नाही की मी वाटणीपत्रातली नावं तिची नोंद येईपर्यंत वाचणार नाही, आणि तिनेही तिकडचं नाव मला फोनवर सांगायचं नाही, दोघांनी आपापलं कागदावर लिहून मग एकदम फोटो पाठवायचे.