वाटी रिकामी जात नाही

भोगीला सकाळीच तळमजल्यावरच्या आजींकडून वाटीभर भाजी आली. घेवडा, वांगी, गाजर, सोलाणे, वर तिळाचं कूट, आणि तळाशी दोन बोरं. भाजीत बोर निघालं याचं माझ्या सात वर्षांच्या लेकीला इतकं अप्रूप, की बी गालात घोळवतच ती शाळेच्या रिक्षात बसली. वाटी मी घासली, ओट्यावर पालथी घातली. संक्रांत झाली, किंक्रांत झाली, वाटी तिथेच.

"मी देऊन येऊ? थँक्यू पण म्हणेन," लेक म्हणाली.

"रिकामी नाही न्यायची."

"का?"

आता का म्हणजे काय? रिकामी वाटी परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. माझ्या आईने मला याचं कारण कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

थँक्यू मात्र आम्ही लेकीला बोलता येताच शिकवलं. ती ते रिक्षावाल्याला म्हणते, वॉचमनला म्हणते, एकदा लिफ्टलाही म्हणाली. शब्द इतका गुळगुळीत झालाय की तोंडातून कधी निसटला हे तिलाही कळत नाही. मराठीत म्हणावं तर 'आभार' आपण समारंभासाठी राखून ठेवलेले. कार्यक्रम संपतो, लोक चपला शोधायला लागतात, तेव्हा एक गृहस्थ माइकपाशी येऊन मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानतात आणि ते कुणीही ऐकत नाही. घरात मानायला जावं तर उलट बोलणी बसतात. मामीला एकदा मी "आभारी आहे हं" म्हणाले होते, तर तिने विचारलं, "परक्याची झालीस का गं?"

मध्यंतरी मी मुलांच्या संगोपनावरचं काहीबाही वाचून लेकीला एक वही आणून दिली. रोज रात्री, आज कुणामुळे बरं वाटलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी तिने लिहिलं : आई, बाबा, पिझ्झा. दुसऱ्या दिवशी : आई, बाबा, पिझ्झा. तिसऱ्या दिवशी नुसतं 'कालचंच'. वही आता चित्रांना लागली आहे, ते बरंच झालं.

माझं आजोळ नगरकडचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकायचे, मग हळद आणि तूप चोळायचे. जू घासून घासून खांद्याचं कातडं जाड आणि काळपट झालेलं असे, तिथे त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत राहायचा. मग बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." एरवी त्याच बैलावर ओरडणारा हा माणूस त्या संध्याकाळी त्याला अहोजाहो करायचा. आम्ही पोरं तुपाची वाटी धरून उभी. बैलाचे उपकार वगैरे कुणी समजावलं नाही. बोटांना हळद लागायची, ती दोन दिवस जात नसे.

डोंबिवलीत आमच्याकडे दोन मातीचे बैल येतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाला की टीव्हीच्या टेबलावर जाऊन बसतात. त्यांचे खांदे काय शेकणार! पण खंडेनवमीला स्टँडवरच्या रिक्षांना झेंडूच्या माळा चढतात तेव्हा लेकीला मी मुद्दाम थांबवते. एक रिक्षावाले काका चाकांनाही गंध लावतात, कॅरम खेळताना स्ट्रायकर धरावा इतक्या नाजूक बोटांनी. बघण्यासारखं असतं ते.

तर, वाटी. शेवटी लेकीनेच प्रश्न सोडवला. संक्रांतीचा काटेरी हलवा उरला होता, तो तिने वाटीत भरला. मी डोकावून पाहिलं तर सगळा पांढरा. गुलाबी आणि पिवळे दाणे वेचून तिने स्वतःच्या डबीत ठेवले होते. मी बोलणार होते, पण गप्प बसले. आम्हीही पाहुण्यांना द्यायचे लाडू निवडताना नेमके तेच करतो.

दहा मिनिटांनी ती परत आली. हातात तीच वाटी, आत पेरूच्या फोडी, वर तिखट-मीठ.

"आई, हे कधी संपणारच नाही का?" तिच्या आवाजात तक्रार होती, पण अर्ध्या फोडी जिन्यातच संपल्या होत्या.

पेरू खाऊन झाल्यावर तिने वाटी उजेडाकडे धरली. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असतात, ती वाचायचा तिला सध्या नाद आहे. आमच्या तांब्यावर मावशी आहे, परातीवर बाबांचे ऑफिसवाले आहेत. वाटीच्या कडेखाली तिने एकेक अक्षर जुळवत वाचलं. आडनाव आजींचं नव्हतं, आमचंही नव्हतं. पुढे साल होतं, १९९४.

संध्याकाळी आजी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना विचारलं. त्या हसल्या. "अगं, ते तुमच्याच घरात राहायचे, तुमच्या आधी, त्याच्याही आधी. त्यांच्याकडून कसलीतरी खीर आली होती. मी काही करून पाठवीन म्हणत राहिले, आणि ते घर सोडून नागपूरला गेले. वाटी राहिली. तेव्हापासून फिरतेय आपली बिल्डिंगभर."

लेक वाटीकडे बघत राहिली.

"मग यात काय घालायचं? आणि द्यायची कुणाला?"

वाटी सध्या ओट्यावर आहे. ती रोज फ्रिज उघडून बघते.